सिस्टरांची हजेरी

वेल्श भाषा जिवंत राहावी म्हणून चालवलेल्या एका महिला मंडळात मी दोन वर्षं जाऊन बसलो आणि तिथली वेल्श बंद पाडली. मुद्दाम नाही. मुद्दाम करायला जी अक्कल लागते ती माझ्याकडे असती, तर हे झालंच नसतं.

ते मंडळ ज्या चालवायच्या त्यांना मी जवळजवळ चाळीस वर्षं ‘सिस्टर’ म्हणत आलो. नावानं हाक मारायची माझी कधी छाती झाली नाही. आता त्या नाहीत, तरी नाव लिहायला हात धजत नाही. तेव्हा सिस्टरच.

पहिली भेट नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात. मी नवा रेडिओग्राफर, पुण्याहून येऊन तीन आठवडे झालेले, आणि माझ्यासमोर चाकांवरचं एक्स-रे मशीन. म्हशीला गोठ्यात घालतात तसं ते मी ढकलत ऑर्थोपेडिक वॉर्डात घुसवलं. आत कुणाला तरी स्पंजिंग चाललं होतं. सिस्टरांनी हनुवटी खाली केली, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि पेन माझ्या मागे रोखलं.

“ते काय आहे?”

“दार,” मी म्हणालो.

“ते वाजवायचं असतं. बाहेर जा आणि पुन्हा या.”

दोन माणसांच्या वजनाचं मशीन मी मागे ओढलं, दार लावलं, वाजवलं, आणि पुन्हा आत आलो. पाय टांगून पडलेल्या तीन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर म्हणाल्या, “आता या, एक्स-रे.”

तेव्हापासून मी एक्स-रे. माझं नाव त्यांना पहिल्याच दिवशी अगदी व्यवस्थित म्हणता आलं होतं, ‘ळ’सकट जवळजवळ. इंग्रज सहकाऱ्यांनी त्या नावाचे जे हाल केले ते बघता ही मोठीच गोष्ट. पण म्हणता येत असूनही त्या म्हणायच्या नाहीत. चष्म्याच्या वरून बघायचं आणि “दार आहे ते, एक्स-रे.” कारण मी पुढेही विसरत राहिलो. वॉर्डात घाईनं येणाऱ्या सगळ्यांनाच त्या हे ऐकवत. एकदा एका थोर कन्सल्टंट सर्जनलाही त्यांनी बाहेर पाठवून पुन्हा आत घेतलं होतं. मी त्या वेळी कोपऱ्यात मशीनमागे लपून फार सुख भोगलं.

(आमचं सगळं बोलणं अर्थात इंग्रजीतच व्हायचं. मी ते मराठीत लिहितोय. एवढी सूट मला असावी.)

सिस्टर वेल्श आहेत हे मला कळायला वर्ष लागलं, आणि वेल्श म्हणजे काय हे कळायला त्याहून जास्त. कँटीनमध्ये एकदा मी मोठ्या आपुलकीनं विचारलं, “वेल्स म्हणजे इंग्लंडचा सातारा ना, सिस्टर?” सातारा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगितलं: थोडे डोंगर, थोडा रांगडेपणा, सैन्यात भरती. त्यांनी चमचा खाली ठेवला. पुढचे तीन दिवस माझं मशीन वॉर्डाच्या दाराबाहेरच उभं राहिलं.

त्या उत्तर वेल्समधल्या डोंगरातल्या, मेंढ्या पाळणाऱ्या घरातल्या. शाळेत जाईपर्यंत त्यांनी इंग्रजी ऐकलं ते फक्त रेडिओवर आणि मेंढ्यांच्या डॉक्टरकडून. अठराव्या वर्षी नर्सिंग शिकायला नॉटिंगहॅमला आल्या. नवरा मिळाला तो बस चालवणारा, इथलाच, स्वभावानं फार चांगला आणि वेल्शचा शब्द न कळणारा. मुलगा झाला तो वडिलांच्या भाषेत बोलायला लागला. तुम्हा मंडळींना यात काही ओळखीचं वाटत असेल, तर वाटू द्या.

मी रिटायर झालो तोवर सिस्टर कधीच्याच रिटायर झाल्या होत्या, नवरा गेला होता, मुलगा ऑस्ट्रेलियात होता. सुपरमार्केटात भेटल्या. हातातला डबा नाकाशी धरून वाचत होत्या. डोळे अधू झालेले, गाडी चालवणं बंद. “बाकी काही अडत नाही,” म्हणाल्या. “फक्त महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दोन बस बदलाव्या लागतात.”

मी तिथल्या तिथे माझी गाडी देऊ केली. त्या दिवसांत माझ्याकडे दोन गोष्टी भरपूर होत्या, वेळ आणि मत. मी आमच्या मराठी मंडळाच्या भाषासंवर्धन समितीचा निमंत्रक होतो. समिती म्हणजे मी आणि बायको नंदा. नातवंडं “आजोबा, माझा पुस्तक कुठे आहे?” असं विचारायला लागली तेव्हा मी ती स्थापन केली होती. आमच्या मंडळात बँकेतले एक गुप्ताजी यायचे. माणूस सज्जन, पण ते आले की सगळी खोली हिंदीत जायची. त्यावर मी कमिटीला दोन पानी पत्र लिहिलं होतं. हे पत्र लक्षात ठेवा, पुढे माझ्याच डोक्यात हाणायला उपयोगी पडेल.

तर पहिला मंगळवार. एका चॅपेलच्या, म्हणजे लहानशा चर्चच्या, मागची खोली, दुपारी दोन ते चार. दाराशी छत्र्या ठेवायचा पितळी स्टँड, माझ्या कमरेएवढा. सिस्टर त्यावर काठीनं टक्‌ करून वाजवायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला इंग्रजीतलं त्यांचं तिथलं शेवटचं वाक्य ऐकवायच्या: “इंग्रजी इथे. छत्रीबरोबर.” मग दार लागायचं.

मी बाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर पेपर घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी आतून हजेरी ऐकू आली. हो, हजेरी. सिस्टरांकडे एक लांबट वही होती, मंडळ सुरू झालं तेव्हाची. ज्या क्रमानं बायका मंडळात आल्या त्या क्रमानं नावं. तीसच्या वर नावं असतील. कुणी गाव सोडलं, कुणी जग सोडलं, म्हणून सिस्टरांनी एकही नाव खोडलं नव्हतं. प्रत्येक नाव म्हणायचं, आणि एक श्वासभर थांबायचं. ती खोलीत असेल तर म्हणणार “अमा”, म्हणजे ‘इथे’. नसेल तर तो श्वास तसाच जाणार, आणि पुढचं नाव. इतकी नावं, आणि “अमा” पाच वेळा. पण घाई अजिबात नाही. गेलेलीलाही उत्तर द्यायला तितकाच वेळ.

मग गाणं व्हायचं. वेल्श लोक चार आवाजांत गातात, चार वेगळ्या चाली एकमेकींत गुंफून. यांच्यात खालच्या आवाजाची बाई वृद्धाश्रमात गेलेली, त्यामुळे गाण्याला एका बाजूनं भिंतच नव्हती, तरी त्या गायच्या. मग चहा, आणि तव्यावर भाजलेले बेदाण्याचे वेल्श केक, आणि मग नुसता गलका. त्या गलक्यात मी सिस्टरांना हसताना ऐकलं. तुम्हाला सांगतो, वॉर्डात त्या हसल्याची नोंद नाही. हे हसणं पोटातलं होतं, मधेच खोकला येणारं, आणि ते संपल्यावर दुसरी कुणीतरी बोलायची आणि पुन्हा सुरू.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, “महिन्यातले दोन तास, एक्स-रे. बाकीचा महिना मी भाषांतर असते.”

मी मान डोलावली. “अगदी बरोबर बोललात, सिस्टर,” म्हणालो, आणि त्यांच्या घरापर्यंत वीस मिनिटं त्यांना मराठीची परिस्थिती सांगितली.

जानेवारीत थंडी पडली. पॅसेजमध्ये हीटर नव्हता. मंडळातली ग्वेन, म्हणजे सिस्टरांची सगळ्यात जुनी मैत्रीण, पूर्वी शाळेत स्वयंपाक करणारी गुबगुबीत बाई, तिनं दार उघडून पाहिलं. मी पेपर अंगाभोवती गुंडाळून बसलो होतो. “अरे देवा, हा माणूस गोठेल,” म्हणाली. “आत या, आत या.”

सिस्टरांनी काठीनं स्टँड वाजवला. टक्‌. मला वाटलं स्वागत.

मी आत जाऊन कोपऱ्यात बसलो. आणि खोली इंग्रजीत गेली. कुणी ठरवलं नाही. पाच बायका, पाचही जणींना लहानपणी एकच शिकवलेलं: ज्याला कळत नाही त्याच्यासमोर वेल्श बोलणं असभ्य. एकीनं मला विचारलं, चहात साखर किती. दुसरीनं शेजारणीला विचारलं, तेही इंग्रजीत, कारण मी मधे बसलेलो. दोन तास तसेच गेले. मला वाटलं, काय ओलावा आहे! आपल्याला किती सामावून घेतात!

पुढच्या महिन्यात मी स्वतःहून आत गेलो. चिवडा घेऊन.

सिस्टरांनी मला बाहेर का काढलं नाही, हे तुम्ही विचाराल. कन्सल्टंटला काढणारी बाई. मी पण नंतर फार विचार केला. वॉर्ड त्यांचा होता आणि मी तिथे नोकर होतो. इथे मी पाहुणा होतो, आणि शिवाय त्यांना आणि ग्वेनला आणणारी गाडी माझी होती. डोंगरातल्या घरात पाहुण्याला दार दाखवत नाहीत. त्या फक्त सुचवायच्या. “आज बाहेर ऊन आहे, एक्स-रे, फिरून येता का?” मी म्हणायचो, “छे छे सिस्टर, तुम्हाला सोडून?”

त्यानंतर मी संवर्धनाला हात घातला.

आधी गाणी. प्रत्येक गाण्याचा अर्थ काय, हे मी विचारायला लागलो. ग्वेन बिचारी सांगायची. कडव्याचा अर्थ, मग त्या दरीचं वर्णन, मग तिचे काका. दहा मिनिटं अर्थ, मग वेळ उरला तर एक कडवं. मग मी इंग्रजी अर्थाची पत्रकं छापून आणली आणि त्यांनी ती हातात धरली, कारण मी छापून आणली होती.

मग एक मार्च. तो त्यांच्या संताचा दिवस. त्या दिवशी कोटाला लीक लावतात. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. आदल्या दिवशी मी आमच्या भारतीय दुकानात होतो, तिथे लीक नव्हते, कांद्याची पात ताजी होती. मी आठ जुड्या घेतल्या. चार बायकांनी हसतमुखानं कांद्याची पात छातीला टाचली. खोलीला भज्यांचा वास यायला लागला. सिस्टरांनी आपली जुडी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि उठून छत्रीच्या स्टँडमध्ये ठेवून आल्या.

मग पोस्टर. पाच जणींवर मंडळ चालणार कसं? सभासद हवेत! मी रात्रंदिवस खपून ‘सेल्टिक वारसा दुपार, सर्वांचे स्वागत’ असं पोस्टर केलं. सिस्टरांनी ते नाकाशी धरलं.

“हा घागरा घातलेला माणूस स्कॉटिश आहे.”

“हो?”

“हे तीन पानांचं गवत आयरिश आहे. ही वीणा पण त्यांच्याच नाण्यावरची.” आणखी थोडा वेळ बघितलं. “यात वेल्श काय आहे?”

“पत्ता,” मी म्हणालो.

खरं तर तोही इंग्लंडमधला होता. पण पोस्टर लागलं, आणि माणसं आली! दोन इंग्रज बायका आल्या, गोड स्वभावाच्या, ‘सेल्टिक’ म्हणजे वेल्श-आयरिश-स्कॉटिश भावकी नव्हे, ध्यानधारणा आणि चांदीचे दागिने असं काहीतरी वाटून आलेल्या, पण राहिल्या. मी नंदाला आणलं. नंदा तिच्या भिशीतल्या कुलकर्णीबाईंना घेऊन आली. पाचाच्या नऊ झाल्या, मी धरून दहा. एवढ्या सगळ्यांची नावं लक्षात कशी राहणार, म्हणून मी छातीवर चिकटवायच्या नावांच्या पट्ट्या करून आणल्या, आणि सिस्टरांनी वही उघडली तेव्हा मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, “आता हजेरी कशाला, सिस्टर? सगळ्यांची नावं समोर दिसतायत की!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या वरून नव्हे, सरळ. मग खोलीभर बघितलं. कुणाच्या तरी छातीवर ‘पिंकी कुलकर्णी’ होतं. सिस्टरांनी वही मिटून पिशवीत ठेवली. ती पुन्हा त्या खोलीत बाहेर आली नाही. मला तेव्हा वाटलं, मीटिंगची दहा मिनिटं वाचवली.

त्यानंतर सिस्टर गप्प होत गेल्या. दाराजवळची, स्टँडशेजारची खुर्ची घ्यायच्या. विचारलं तर उत्तर द्यायच्या, नाहीतर काठीवर हात ठेवून बसायच्या. वय झालं, मी म्हणालो. कानही गेले असतील. घरी मी नंदाला सांगायचो, “सिस्टर खचल्या गं. पण मंडळ बघ कसं उभं राहिलंय!” आयुष्यभर माणसांच्या आतलं बघायचा पगार घेतला मी.

नंदाच बोलली शेवटी. दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा होता. सिस्टरांना आणि ग्वेनला सोडून आम्ही रिंगरोडला लागलो होतो.

“अहो, आपण यायच्या आधी त्या कुठल्या लँग्वेजमध्ये बोलायच्या?”

“वेल्शमध्ये. अगं, काय गोड वाटायचं बाहेरून.”

“आणि आता?”

मी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं, तरी बघितलं.

“अहो, मी विचारतेय.”

“ट्रॅफिक बघू दे.”

“तुम्ही गुप्ताजी झालात,” नंदा म्हणाली. “आणि मला मिसेस गुप्ता केलंत. ते दोन पानी पत्र काढा आता आणि नीट वाचा.”

मी पत्र काढलं नाही, मला ते पाठ होतं. ‘एका व्यक्तीच्या सोयीसाठी संपूर्ण सभेने आपली भाषा सोडावी ही सौजन्याची नव्हे, आत्मनाशाची पायरी आहे.’ भाषा माझी. अशी वाक्यं मला फार छान येतात.

पुढच्या मंगळवारी मी बाहेर बाकावर बसलो. “आत या की,” ग्वेन म्हणाली. मी म्हणालो, मला पेपर वाचायचाय. नंदाला आणि कुलकर्णीबाईंना घरी ठेवलं होतं. कान दाराला. आत दोन इंग्रज बायका होत्या ना. त्यांना कोण सांगणार? मी? काय म्हणून? मीच त्यांना पोस्टर लावून बोलावलं होतं. आतून केकची कृती ऐकू येत होती, ग्रॅममध्ये, इंग्रजीत. हसणं नव्हतं.

गाडीत मी सिस्टरांची माफी मागायची ठरवली. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला म्हणालो, “सिस्टर, मी एक फार मोठी चूक केली.”

“बाकावर बसलात ती?” त्या म्हणाल्या. “पाठ धरेल.”

“ती नाही. मी आत आलो ती.”

ग्वेन मागच्या सीटवर एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. सिस्टरांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. मग म्हणाल्या, “पाचजणी होतो, एक्स-रे. तुम्ही आला नसतात तरी पाचाच्या चार झाल्याच असत्या. मग तीन.” आणि पुढच्या वळणावर, “पण कमी झालो असतो त्या आमच्या आम्ही.”

मी फक्त गाडी चालवली. आयुष्यात क्वचित केलेल्या शहाण्या गोष्टींत ही धरतो.

पुढचं भराभर झालं. शरद ऋतूत एक वारली. दुसरीला घराबाहेर पडणं जमेना. ग्वेनला तिच्या मुलीनं वेल्सच्या किनाऱ्यावर आपल्याकडे नेलं. मग चॅपेलच विकायला निघालं. शेवटच्या मंगळवारी खोलीत सिस्टर होत्या, दोन इंग्रज बायका होत्या, आणि एक वेल्श बाई होती जिला अलीकडे आपण कुठे आहोत हे नीट कळत नव्हतं. मी सांगितलं नसतानाही इंग्रज बायकांनी केक भाजून आणले होते. चांगले झाले होते. हेच तर अवघड होतं, सगळे चांगलेच वागत होते.

निघताना सिस्टरांनी काठीनं स्टँड दाखवला. “हा तुमच्या गाडीत बसेल?”

“तुमच्या घरी ठेवू ना?”

“मला काय करायचाय? माझ्याकडे छत्री एकच आहे. आणि दाराच्या आत कुणी नाही.”

तो आता आमच्या पोर्चमध्ये आहे. नंदा त्यात भिजलेल्या छत्र्या ठेवते. मी नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत हॉस्पिटलातून फोन आला. माझंच जुनं हॉस्पिटल, पण आता मला तिथे ओळखणारं कुणी नव्हतं. केरळची एक नर्स बोलत होती. पेशंटच्या डायरीत ‘गाडी’ म्हणून तुमचा नंबर आहे, म्हणाली. स्ट्रोक आहे. मुलगा ऑस्ट्रेलियाहून निघालाय. “आणि सर, त्यांचं इंग्लिश गेलंय. पूर्ण गेलंय. तीन दिवस एकच सेंटेन्स बोलतायत, आम्हाला कुणालाच कळत नाही. तुम्ही त्यांच्या वेल्श क्लबात होतात ना? डायरीत क्लबाचा फोटो आहे, त्यात एकच पुरुष आहे, मधोमध.”

मी गेलो. नर्स पंचविशीची असेल, डोळ्यांखाली काळं. “थँक गॉड,” म्हणाली. “किती वर्षं होतात क्लबात?”

“दोन.”

“मग येत असेल की.”

“एक शब्द येतो.”

“कुठला?”

“‘इथे’.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “दोन वर्षं काय करत होतात तुम्ही तिथे?” असं तिनं विचारलं नाही. तिला तसंच वाढवलेलं असणार.

सिस्टर एकट्या खोलीत होत्या, उशीवर बसत्या केलेल्या. चष्मा नव्हता. उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवलेला. मला बघून त्या काहीतरी बोलल्या, एक लहानसं वाक्य, शेवटी आवाज वर जाणारं. प्रश्न होता. मी वाकून म्हणालो, “अमा, सिस्टर. अमा.” ‘इथे’. त्यांनी डोळे मिटले, आणि उघडल्यावर तोच प्रश्न पुन्हा, थोडा जोरात, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत.

मी ग्वेनला फोन लावला. ती मुलीच्या घरी सोफ्यावरून उठू शकत नव्हती, पण आवाज तोच. मी फोन स्पीकरवर टाकून पांघरुणावर, सिस्टरांच्या चांगल्या हाताशी ठेवला. ग्वेन वेल्शमध्ये काहीतरी बोलली. सिस्टरांचा चेहरा असा बदलला की मला खिडकीकडे बघावं लागलं. मग त्यांनी तोच प्रश्न फोनला विचारला.

मी फोनवर वाकलो.

“ग्वेन? काय म्हणतात?”

“काही नाही हो. असंच.”

“ग्वेन, तीन दिवस तेच बोलतायत. पाणी हवंय का? दुखतंय का? नर्सला सांगायला हवं.”

“दुखत नाहीये,” ग्वेन म्हणाली. आणि मग, अगदी हळू, सौजन्यानं: “ती विचारतेय, तो माणूस बाहेर गेला का? म्हणजे सुरू करता येईल.”

मी बाहेर गेलो. दार ओढून घेतलं. पॅसेजमध्ये प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसलो.

आणि आतून हजेरी सुरू झाली. सिस्टरांचा आवाज जड, शब्द एका बाजूनं घासत जाणारे, पण नावं मला ओळखू येत होती. वही नव्हती, लागत नव्हती. एक नाव. श्वासभर थांबणं. दुसरं नाव. थांबणं. बाराव्या की तेराव्या नावाला फोनमधून बारीक आवाज आला, “अमा.” मग पुन्हा नाव, पुन्हा थांबणं. एकामागून एक नावं जात राहिली आणि कुणी उत्तर दिलं नाही, तरी प्रत्येकीला तेवढाच वेळ. नर्स ट्रे घेऊन आली, मी हात वर केला, ती थांबली.

मग एक नाव झालं, आणि नंतर शांतता. लांबली. आणखी लांबली. हजेरी संपली, मला वाटलं. किंवा सिस्टरांना काही झालं. मी उठलो आणि दार ढकलून आत शिरलो.

त्या तोंड उघडून पुढच्या नावासाठी श्वास घेत होत्या. आता त्यांचाच श्वास लांब झाला होता, एवढंच. मला बघून त्यांनी तोंड मिटलं. हनुवटी खाली गेली. नसलेल्या चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच एक नवं वाक्य बोलल्या.

फोनमध्ये ग्वेन हसली की रडली, कळलं नाही.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणते, या गाढवाला अजून दार वाजवता येत नाही.”